गेटवरचं वजन

मुकुंदवाडी, औरंगाबाद
८ मार्च १९८७

तीर्थरूप कालिंदीआत्या,

नमस्कार शेवटी करतो, आधी बातमी. तुझा भाचा आता नुसता ट्रेनी राहिलेला नाही. चिकलठाण्याच्या आमच्या भट्टीचं एस्टिमेट मालकांनी माझ्या हाती दिलंय. भंगारातून एक टन पोलाद काढायला नेमका किती खर्च येतो, हे इथं आजवर कुणी कागदावर मांडलंच नव्हतं. मालक म्हणजे अनंतराव. ते पूर्वी साखर कारखान्यात इंजिनियर होते, त्यामुळे त्यांना उसासारखाच भंगाराचाही फक्त उतारा कळतो. शंभर किलो घातलं तर किती उतरलं, एवढं विचारतात आणि पान लावायला घेतात. बाकी सगळं अंदाजपंचे दाहोदरसे.

तू पंचवीस वर्षं कोल्हापुरात ओतकाम कारखान्याच्या हिशेबखात्यात हेच काम केलंस. म्हणून एक प्रत तुला पाठवतोय. तपासून दे असं म्हणणार नाही, कारण तपासण्यासारखं काही उरलेलं नाही. वाचून खूश हो.

थोडक्यात सांगतो. भंगाराचा भाव टनाला तीन हजार. आमच्या भट्टीचा उतारा चौऱ्याण्णव टक्के, म्हणजे एक टन पोलादामागे भंगार पडतं तीन हजार एकशे नव्वदला. वीज, भट्टीच्या आतलं अस्तर, मजुरी, पाणी, व्याज सगळं धरून एकूण चार हजार चारशे. यंदा पाणीसुद्धा विकत आहे. भट्टी थंड ठेवायला रोज टँकर मागवतो, त्याचे टनाला पंचवीस रुपये. गावात नळ तीन दिवसांआड येतो, पण घरं मात्र अशी उठताहेत की सळ्या पुरत नाहीत. जालन्याची एक रोलिंग मिल आमचा सगळा माल वर्षभर साडेपंचेचाळीसशेच्या एकाच दरानं घ्यायला तयार आहे. माझ्या एस्टिमेटवर तो करार व्हायचाय. टनाला दीडशे सुटतात, आणि आम्ही दिवसाला बारा टन काढतो.

शिवाय मी एक बचत शोधली आहे. आमच्या आवारात अकरा बायका हातानं भंगार निवडतात. त्यांची मजुरी टनाला अकरा रुपये पडते. मालकांच्या मेव्हण्याकडे चुंबकाची एक क्रेन पडून आहे, ती फुकट मिळतेय. चुंबक लोखंड उचलेल, बाकीचं खाली राहील. मग हातांची गरज काय?

बाबांना सांग, मे महिन्यात मी पर्मनंट होतोय. आता नमस्कार.

तुझा श्रीरंग

कोल्हापूर
१६ मार्च १९८७

चिरंजीव श्रीरंग,

एस्टिमेट वाचलं. अक्षर सुधारलंय, नम्रता अजून बाकी आहे. ती नोकरीत आपोआप येते, घाई करू नकोस.

मांडणी चांगली आहे, हे खरंच सांगते. विजेचा आकडा मला पटला. अस्तर किती भट्ट्या लावल्यानंतर बदलायचं ते तू विचार करून धरलंयस. व्याज विसरला नाहीस, नाहीतर नवे लोक हमखास विसरतात. माझ्या हाताखाली असतास तर दुपारचा चहा मी पाजला असता.

एकच विचारते. चौऱ्याण्णव टक्के काढताना तू वजन कुठं केलंस? उत्तर आल्याशिवाय कागद मालकांना देऊ नकोस.

तुझ्या बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जूनमध्ये ठरलंय. तुझ्या पाठच्या वैदेहीची कॉलेजची फीसुद्धा जूनमध्येच. तू पर्मनंट होतोयस हे वाचून दादा दोन दिवस घरभर फिरत होता, असं वहिनीनं कळवलंय.

आत्या

औरंगाबाद
२९ मार्च १९८७

ती. आत्या,

काट्याची काळजी अजिबात करू नकोस. भट्टीच्या तोंडाशी आमचा नवा काटा आहे, त्यावर सरकारी शिक्का आहे, आणि मी स्वतः वीस किलोचं वजन ठेवून तीनदा ताडून पाहिलंय. एक ग्रॅम इकडेतिकडे नाही. चाळीस वेळा भट्टी लागली, त्या चाळीस भट्ट्यांची वजनं मी सलग लिहिली, त्याची सरासरी चौऱ्याण्णव. तुमच्या काळी दगडाची वजनं असतील, म्हणून तुला शंका आली असणार.

एस्टिमेट मालकांना दिलंय. रागावू नकोस, तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच दिलं. अनंतरावांनी दोनदा वाचलं आणि त्यांच्या इथल्या निजामी ढंगात म्हणाले, "श्रीरंग मियाँ, हे काम करायला तुम्ही दोन वर्षं आधी का नाही आलात?" जालन्याच्या मिलवाल्यांना त्यांनी शब्द दिलाय. अक्षयतृतीयेला सह्या.

क्रेनही आली. बायकांना मे महिन्यापासून काम नाही, हे सांगायचं काम माझ्यावर आलं. त्यांची म्होरकी अंबिका म्हणून आहे. धनगराची आहे. नवरा सोनाजी मेंढरं घेऊन पाण्यामागे गोदावरीकडे गेलाय तो दिवाळीपासून परतला नाही. ही सासूला, म्हाळसाबाईला घेऊन मुकुंदवाडीत माझ्याच गल्लीच्या टोकाला राहते. तिच्याबरोबरच्या द्वारकाबाई, गोजरबाई सगळ्या तिच्याच गावाकडच्या. गावात विहिरी कोरड्या पडल्या म्हणून इकडे आलेल्या.

मला वाटलं होतं रडारड होईल. अंबिका हातातला तुकडा खाली न ठेवता म्हणाली, "काढताव? काढा. पर सायब, येक डाव आमच्याबगर भट्टी लावून बघा. मंग काढा."

मी म्हटलं, अवश्य. एक चाचणी भट्टी बायकांशिवाय, नुसत्या क्रेनवर. तुझा भाचा कशाला भितो? नऊ तारखेला लावतोय.

श्रीरंग

कोल्हापूर
४ एप्रिल १९८७

श्रीरंग,

तुला काटा बरोबर आहे का असं मी विचारलं नव्हतं. काटा कुठं ठेवलायस, असं विचारलं होतं.

मालक पैसे देतात ते ट्रक गेटमधून आत येतो तेव्हाच्या वजनाचे. तू वजन केलंस भट्टीच्या तोंडाशी, म्हणजे बायकांनी माती, सिमेंट, रबर, लाकूड काढून टाकल्यानंतर. मधलं वजन गेलं कुठं? त्याचे पैसे कुणी दिले? जा आणि बघ.

आणि बायकांशिवाय भट्टी लावू नकोस. चुंबकाला लोखंड ओळखता येतं, बंद डबा ओळखता येत नाही. आत हवा, तेल, पाणी काहीही असलं आणि ते तसंच वितळत्या रसात पडलं तर काय होतं, ते तू कॉलेजात वाचलंयस. मी पाहिलंय.

पत्र मिळताच चाचणी थांबव.

आत्या

औरंगाबाद
१२ एप्रिल १९८७

ती. आत्या,

तुझं पत्र दहा तारखेला आलं. चाचणी नऊला झाली.

पहिल्यांदा हे सांगतो की कुणी दगावलं नाही. भट्टीवर काम करणारा हनुमान, त्याचा डावा हात कोपरापर्यंत भाजलाय. पट्टी बांधून तो आज कामावर येऊन बसला होता, मीच घरी पाठवला. स्कूटरचा एक जुना शॉकअ‍ॅब्सॉर्बर क्रेननं इतर मालाबरोबर उचलून आत टाकला. बंद, आतलं तेल तसंच. तोफेसारखा आवाज झाला आणि छपराच्या पत्र्याला माझं डोकं जाईल एवढं भोक पडलं. मी भट्टीपासून दहा हात मागे वही घेऊन उभा होतो.

ती भट्टी आम्ही तरीही पूर्ण केली. मातीमुळे रसावर तरंगणारी मळी इतकी झाली की काढता काढता पाऊण तास जास्त गेला आणि अस्तर खाल्लं गेलं. तीन हजार किलो गेटवरून थेट आत गेलं होतं, बाहेर आलं दोन हजार पाचशे साठ. माझे चौऱ्याण्णव टक्के पंच्याऐंशीवर आले.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र हातात घेऊन मी आवारात गेलो. अंबिकेच्या शेजारी बसलो आणि ती जे टाकेल त्याचं वजन करायला लागलो. अख्खा दिवस. शंभर किलोमागे सात किलो निघाले, आत्या. सिमेंटचे गोळे, टायरच्या तारांना चिकटलेलं रबर, पत्र्यात घडी करून लपवलेली वाळू. व्यापारीही हुशार आहेत. हे सात किलो आम्ही गेटवर पोलादाच्या भावानं विकत घेतो आणि मागच्या खड्ड्यात टाकतो, आणि मी चाळीस दिवस त्या खड्ड्याच्या कडेनं शीळ घालत जात होतो.

म्हणजे शंभराचे त्र्याण्णव होतात, आणि त्या त्र्याण्णवातून चौऱ्याण्णव टक्के उतरतं. खरा उतारा सत्त्याऐंशीच्या थोडा वर. एक टन पोलादामागे भंगार तीन हजार चारशे तीस रुपयांना पडतं. माझ्या कागदापेक्षा दोनशे चाळीस जास्त. दीडशे रुपये नफा मी दाखवला होता. खरं तर टनाला नव्वद रुपये तोटा आहे, रोज बारा टन, वर्षभर. अकरा रुपये वाचवायला निघालो होतो.

मी अंबिकेला विचारलं, बंद डबा हातात आला की तुला कसं कळतं? ती म्हणाली, "मेंढी गाभण हाय का नाय, ते हात लावला की कळतं. ह्याच्या पोटात बी काय तरी हाय, हे कळतंच की." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सायब, तुमी लई शिकलाव. पर तुमी आमच्या हातून गेलेलं लोखंड मोजलं."

हे मला चाळीस भट्ट्या मोजून कळलं नव्हतं.

आता काय करू? मालकांनी शब्द दिलाय. सह्यांना अठरा दिवस आहेत. त्यांना ही सगळी चाचणी छपराच्या भोकापुरतीच कळली आहे, आकडे फक्त माझ्याकडे आहेत. सांगितलं तर माझी नोकरी जाईल असं वाटतं, आणि नाही सांगितलं तर भट्टी बुडेल. तू सांगशील ते करीन.

श्रीरंग

कोल्हापूर
१६ एप्रिल १९८७

चिरंजीव श्रीरंग,

तू सुखरूप आहेस हे वाचलं आणि देवापुढे साखर ठेवली. भट्टीजवळ उभं राहायचं नाही. वही घेऊन कुणी भट्टीजवळ उभं राहत नाही.

आता नीट ऐक. एस्टिमेट ही काही शिलालेखाची गोष्ट नाही. सह्या होऊ देत. पुढच्या दोन-तीन महिन्यांत तू थोडं थोडं दाखवत जा की उतारा घटतोय. भंगार खराब येतंय, असं म्हण. दुष्काळाच्या डोक्यावर घाल. यंदा सगळेच सगळं दुष्काळाच्या डोक्यावर घालतात, कुणी विचारत नाही. पाऊस पडला की टँकरचे पंचवीस वाचतील, तेवढा तरी फरक भरून निघेल. तोवर तू पर्मनंट झालेला असशील. करार पुढे बदलतात, मालक आपसात बघून घेतात. पहिल्याच एस्टिमेटला "माझं चुकलं" म्हणणाऱ्याला दुसरं एस्टिमेट कुणी देत नाही. हे मी अनुभवानं सांगते.

जूनमध्ये दादाचं ऑपरेशन आहे. वैदेहीची फी आहे. तू घरातला मोठा आहेस. हरिश्चंद्राची तारामती व्हायची हौस तुझ्या आईला नाही आणि मलाही नाही.

हे पत्र वाचून फाडून टाक.

आत्या

औरंगाबाद
२५ एप्रिल १९८७

ती. आत्या,

पत्र फाडलं नाही. जपून ठेवलंय, कारण तू मला आयुष्यात दिलेला हा पहिला वाईट सल्ला आहे. असा ऐवज कोण टाकून देतं?

पत्र दोनदा वाचलं. त्यात बाबा आहेत, वैदेही आहे, मी आहे, दुष्काळही आहे. त्या अकरा बायकांचं नाव नाही. सह्या झाल्या तर एक तारखेला त्या घरी जातील, कारण माझ्या कागदावर त्यांची गरजच नाही. हे तुझ्यासारखीच्या नजरेतून सुटेल असं मला वाटत नाही. तू माझ्यासाठी घाबरलीस, एवढाच अर्थ मी काढला. आणि "तू सांगशील ते करीन" असं मीच लिहिलं होतं, तो शब्द मोडतोय, माफ कर.

मंगळवारी सकाळी मालकांकडे गेलो. पान लावत होते. म्हटलं, साहेब, एस्टिमेट चुकलंय. वजन मी चुकीच्या जागी केलं. आणि सगळं सांगितलं, छपराच्या भोकापासून खड्ड्यापर्यंत. पान हातातच राहिलं. मग म्हणाले, "मला करून दाखवा."

मी गेटवर आलेल्या ट्रकमधलं शंभर किलो भंगार त्यांच्या ऑफिसच्या व्हरांड्यात ओतलं आणि अंबिकेला बोलावलं. ती पदर खोचून बसली. मालक खुर्ची घेऊन समोर बसले. पाऊण तासात तिनं सगळं निवडलं. टाकलेला ढीग मी काट्यावर ठेवला. सात किलो दोनशे ग्रॅम. मालकांनी स्वतः वाकून काटा वाचला. मग तिनं एक नळीचा तुकडा बाजूला ठेवला होता, तो उचलून मालकांच्या हाती दिला. "ह्यो नका टाकू, सायब. ह्यात हाय." दोन्हीकडून चेपून बंद केलेली नळी होती. फिटरनं कापली तर आतून वाटीभर पाणी निघालं.

अनंतराव एकदम बसलेच. म्हणाले, "या अल्ला, हे रोज आत गेलं असतं."

मग जे झालं ते सरळ सांगतो. मिलवाल्यांना त्यांनी नवा दर कळवला. ते उठून गेले. वर्षभराचा करार हातचा गेला, त्यामुळे आता माल सुट्टा विकावा लागणार आणि एकच पाळी चालणार. माझं पर्मनंट होणं दिवाळीपर्यंत लांबलं. मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले की नवं एस्टिमेट मीच करायचं, आणि या वेळी काटा गेटवर ठेवून. क्रेन मेव्हण्याकडे परत गेली. एका पाळीला सहाच बायका लागतात, पण त्या अकराही जणींनी आपसात ठरवून पाळीनं यायचं केलंय. अंबिका म्हणाली, "अर्धी भाकर समद्यास्नी. घरी बसून कोण काय खानार?" मालकांनी हो म्हटलं.

बाबांच्या ऑपरेशनसाठी मी कॉलेजच्या मित्रांकडून उसने घेतोय, त्याची काळजी तू करायची नाही. बाबांना मी बारा तारखेलाच स्वतः लिहिलं होतं. उत्तर आलं. त्यांनी लिहिलंय की ऑपरेशन झाल्यावर त्यांना तो खड्डा बघायला यायचंय.

आत्या, मी घाबरलो होतो, पण मालकांसमोर बोलताना आवाज हलला नाही. हे तुला सांगावंसं वाटलं. तुझ्यावर राग नाही.

तुझा श्रीरंग

कोल्हापूर
१० मे १९८७

चिरंजीव श्रीरंग,

तुला उत्तर द्यायला दोन आठवडे लागले. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. हे चौथं पाठवते.

तू माझी हुशारी फार मोठी समजतोस. वजन कुठं केलंस हे मी पहिल्याच पत्रात विचारलं, ते हुशारीमुळे नव्हे. १९६१ साली मी स्वतः हीच चूक केली होती. यजमान जाऊन दीड वर्ष झालं होतं. मालकांनी दया म्हणून हिशेबखात्यात घेतलं होतं आणि हे माझं पहिलं एस्टिमेट होतं. मीसुद्धा भट्टीच्या तोंडाशी मोजलं. आमच्याकडे नऊ बायका भंगार निवडायच्या. मी लिहिलं की त्यांची गरज नाही. मालकांनी शाबासकी दिली आणि बायकांना काढलं.

महिन्यात घट दिसायला लागली. कुणाला कळेना. मला चार दिवसांत कळलं. मी तो फरक भट्टीत जाळायच्या कोकच्या डोक्यावर घातला. कोक खराब येतोय, असं लिहिलं. थोडं विजेत टाकलं, थोडं अस्तरात. सहा महिन्यांनी मालकांनी आपण होऊन दोन हमाल निवडीला ठेवले, त्यातल्या एकाचा डोळा बंद डब्यानं गेला. मी तेव्हाही बोलले नाही. पंचवीस वर्षं नोकरी केली, निवृत्तीला शाल मिळाली. तुला जो सल्ला दिला तो मी स्वतःवर वापरून पाहिलेला होता, म्हणून इतक्या सहज लिहिता आला. बायकांचं नाव माझ्या पत्रात का नव्हतं, त्याचं उत्तर हे. तू माझ्याबद्दल चांगला अर्थ काढलास, तो मी ठेवून घेऊ शकत नाही.

त्या नऊजणींची म्होरकी चतुराबाई. ती कसबा बावड्यात राहते हे मला कायम माहीत होतं. सव्वीस वर्षं मी बावड्याच्या वाटेनं गेले नाही. देवळात जायचं तर लांबून वळसा घालायची. तुझं पत्र आल्यावर मात्र घरात बसवेना. परवा सकाळी रिक्षा करून गेले.

ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. आता खूप थकलीय, पण मला लगेच ओळखलं. "हिशेबातल्या बाई," म्हणाली आणि पाट दिला. मी पाटावर बसून सगळं सांगितलं. चूक माझी होती, मोजमापाची होती, तुमच्या कामात काही खोट नव्हती, आणि हे मला तेव्हाच कळलं होतं, असं स्पष्ट सांगितलं. मला वाटलं ती शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या, मी त्यासाठीच गेले होते.

ती शेंगा फोडायची थांबली. म्हणाली, "म्हंजी आमचं काम वंगाळ न्हवतं?"

मी म्हटलं, नव्हतं. चांगलं होतं. तुम्ही जे निवडून टाकत होता, ते मीच मोजलं नाही.

ती म्हणाली, "बाई, मला सव्वीस वर्सं वाटत हुतं, आमचाच हात वाईट, म्हनून काढलं. माझ्या लेकीला फौंड्रीत काम मिळत हुतं. मी जाऊ दिली न्हाई. म्हटलं, आपल्या घरात कुनाला हे जमत न्हाई."

मला रडू आलं आणि मी रडले. तिनं पाणी दिलं. नंतर तिनं बाकीच्यांचं सांगितलं. चौघी वारल्या, चौघी आहेत. एक इचलकरंजीला, एक जयसिंगपूरला, दोघी इथंच. पत्ते तिला तोंडपाठ होते, मी लिहून घेतले. इथल्या दोघींना काल भेटून आले. उद्या सकाळच्या एस.टी.नं इचलकरंजीला जातेय, चतुराबाई बरोबर येणार आहे.

कालिंदीआत्या